कॉम्बिनेटोरिक्स शिकून कूटलिपी फोडण्यात संशोधन करता येतं का?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी सोलापुरात एमएस्सी गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. ग्राफ थिअरी आणि कॉम्बिनेटोरिक्स मनापासून आवडतं. क्रिप्टॅनालिसिसमध्ये, म्हणजे कूटलिपी फोडण्याच्या शास्त्रात, गणिताच्या माणसाला संशोधन करता येतं का, की ते काम कॉम्प्युटरवाल्यांचंच? दोन्ही विषय धरून आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे का? घरी सगळे म्हणतात, बीएड कर आणि नोकरीला लाग. इथे राहून सुरुवात कशी करू?"

करता येतं, आणि काम आयुष्यभर पुरून उरतं. मी याच वाटेनं गेले. बीएस्सी सोलापुरात, पुढचं शिक्षण बाहेर, मग बूलियन फलनं (ज्यांचं उत्तर फक्त ० किंवा १ येतं अशी) आणि स्ट्रीम सायफर (आकड्यांची मालिका बनवून ती संदेशात मिसळणाऱ्या कूटपद्धती) यांवर संशोधन आणि अध्यापन. आता परत सोलापुरातच आहे. त्यामुळे तुझ्या प्रश्नातला 'इथे राहून' हा भाग मला नीट कळतो. त्याकडे शेवटी येते. आधी विषय.

लोक क्रिप्टॅनालिसिस म्हटलं की हॅकिंग समजतात. कुणाचा पासवर्ड मिळवणं, कुणाच्या खात्यात शिरणं हे आमचं काम नाही. चांगल्या सायफरची सगळी रचना जाहीर असते, गुप्त असते ती फक्त किल्ली. हा दंडक ऑगस्त केर्कहॉफ्सनं १८८३ मध्ये घालून दिला आणि आजही तोच चालतो. आम्ही ती जाहीर रचना समोर घेऊन विचारतो: यातून बाहेर पडणारे आकडे खरोखर यादृच्छिक दिसतात का? एखादा आकडा, एखादी जोडी, एखादा फरक हवा त्यापेक्षा किंचित जास्त वेळा येतो का? येत असेल तर का? 'किती वेळा' आणि 'का' हे दोन्ही प्रश्न कॉम्बिनेटोरिक्सचे, म्हणजे मोजणीच्या गणिताचे, आहेत. कूट फुटतं ते मोजणीत, असं माझं ठाम मत आहे, आणि खाली जे सांगते आहे ते सगळं त्यासाठीच.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्क या कूट फोडण्याच्या केंद्रात मेव्हिस लीव्हर नावाची तरुणी एनिग्मा या कूटयंत्रावरून पाठवलेल्या इटालियन नौदलाच्या संदेशांवर काम करत होती. एनिग्मा यंत्राच्या रचनेमुळे कुठलंही अक्षर स्वतःचंच कूट म्हणून कधी येत नाही. 'अ' दाबलं तर बाहेर 'अ' सोडून काहीही येईल. एके दिवशी तिच्यासमोर असा लांब संदेश आला की त्यात एल हे अक्षर एकदाही नव्हतं. दोनशे अक्षरांच्या यादृच्छिक मजकुरात एखादं ठराविक अक्षर अजिबात न येण्याची शक्यता अडीच हजारांत सुमारे एक. तिनं ओळखलं की कुणीतरी चाचणी म्हणून नुसतं एलचं बटण दाबत बसला होता! म्हणजे मूळ मजकूर पूर्ण हाती आला, आणि त्यावरून यंत्राच्या आतल्या जोडण्या काढता आल्या. ती जर्मन भाषा-साहित्याची विद्यार्थिनी होती. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. एका अक्षराची गणती शून्य आहे एवढंच तिनं पाहिलं. ब्लेचली पार्कमधली बहुसंख्य माणसं बायका होत्या, आणि जोन क्लार्कसारख्या गणितज्ञ त्यात होत्या, हेही तुझ्या घरच्यांच्या कानावर घाल.

पण तू विचारलेल्या दोन्ही विषयांत एकाच माणसाची कारकीर्द पाहायची असेल तर बिल टट. जन्म १९१७, मृत्यू २००२. केंब्रिजला तो मुळात रसायनशास्त्र शिकत होता, आणि मोकळ्या वेळात तीन मित्रांबरोबर एक प्रश्न सोडवत होता: एक चौरस लहान-मोठ्या पण सगळ्या वेगवेगळ्या आकारांच्या चौरसांत कापता येतो का? त्यांनी हा प्रश्न विद्युतमंडलांच्या भाषेत, म्हणजे आलेखांच्या (ग्राफच्या, बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या) भाषेत आणला आणि १९४० मध्ये शोधनिबंध छापला. पुढच्या वर्षी टट ब्लेचली पार्कला पोचला.

३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन तारयंत्रचालकानं सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडून 'नीट मिळाला नाही, परत पाठव' असं आलं. त्यानं यंत्र पुन्हा त्याच मांडणीवर आणून तोच संदेश, काही शब्द तोडून, परत पाठवला. एकाच किल्लीखाली दोन जवळजवळ सारखे संदेश. ब्लेचलीतल्या जॉन टिल्टमननं ते दोन्ही सोडवले आणि किल्लीची चार हजार अक्षरांची मालिका मोकळी केली. पण ही मालिका कुठल्या यंत्रातून निघाली हे कुणालाच माहीत नव्हतं. यंत्र कुणी पाहिलेलंही नव्हतं. बाकीच्यांना जमेना तेव्हा ते कागद टटकडे आले.

तारयंत्राचं प्रत्येक अक्षर पाच खुणांचं असतं, भोक किंवा कोरं. टटनं प्रत्येक अक्षराची फक्त पहिली खूण घेतली आणि ती मालिका ठराविक रुंदीच्या ओळींत लिहायला घेतली. संदेशांच्या सुरुवातीला जी बारा अक्षरं असत, त्यांतल्या अकरा जागी पंचवीस वेगवेगळी अक्षरं येत आणि एका जागी तेवीस. म्हणून त्यानं रुंदी धरली २५ × २३, म्हणजे ५७५. उभ्या रेषेत काही विशेष जुळेना. तिरक्या रेषेत मात्र भरपूर जुळू लागलं.

सोलापूरच्या मुलीला हे समजावणं मला सोपं आहे. जॅकार्डच्या चादरीची नक्षी ठराविक अंतरानं परत येते. समज, तुझ्या हातात चादर नाही, फक्त भोक-कोरं-भोक अशी एकच लांबलचक ओळ आहे आणि नक्षी किती रुंद आहे ते माहीत नाही. अंदाजानं एक रुंदी धरून ओळीखाली ओळ लिहीत गेलीस तर काहीच्या बाही दिसेल. पण अंदाज एकानंच चुकला असेल तर नक्षी दिसते, फक्त प्रत्येक ओळीला एक घर सरकत तिरकी जाते. टटला तिरकं दिसलं म्हणून त्यानं ५७५ सोडून ५७४ घेतले. ५७४ म्हणजे २ × ७ × ४१. त्यानं ४१ च्या ओळी लिहून पाहिल्या आणि नक्षी उभी जुळली. यंत्राच्या पहिल्या चाकाला ४१ दाते होते.

तिथून पुढे बाकीच्या मंडळींच्या मदतीनं सगळी बाराच्या बारा चाकं कागदावर उभी राहिली: ४१, ३१, २९, २६, २३, मग ४३, ४७, ५१, ५३, ५९, आणि ६१, ३७. या लॉरेन्झ यंत्राचं प्रत्यक्ष दर्शन ब्रिटिशांना युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये झालं. टट एवढ्यावर थांबला नाही. लागोपाठच्या खुणांमधला फरक घेतला आणि पहिल्या दोन खुणांची बेरीज पाहिली तर ती ५० टक्क्यांऐवजी सुमारे ५५ टक्के वेळा एकाच बाजूला झुकते, हे त्यानं हेरलं. मग पहिल्या दोन चाकांच्या ४१ × ३१ = १२७१ मांडण्या एकेक करून मोजायच्या आणि कुठे गणती झुकते ते पाहायचं. ही मोजणी हातानं आवाक्याबाहेरची होती. ती करण्यासाठीच कोलोसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र उभं राहिलं. कॉम्प्युटरवाल्यांचं काम की गणितवाल्यांचं, याचं उत्तर तुला या एका गोष्टीतच मिळेल. आधी मोजायचं काय हे ठरलं, मग यंत्र आलं.

युद्धानंतर टटनं १९४८ मध्ये पीएचडी घेतली आणि कॅनडाला गेला, आधी टोरांटो, मग वॉटरलू. तू ग्राफ थिअरीत परफेक्ट मॅचिंगचा जो प्रमेय शिकतेस तो त्याचा, १९४७ चा. टट पॉलिनॉमियलही त्याचंच. मात्र युद्धातलं काम त्याला कित्येक दशकं कुणाला सांगता आलं नाही. सहकाऱ्यांना तो नुसता ग्राफ थिअरीचा मोठा माणूस म्हणून माहीत होता.

आता आपल्या काळातलं एक उदाहरण, आणि हे तू वहीत करून बघच. आरसी-फोर नावाचा स्ट्रीम सायफर रॉन रिव्हेस्टनं १९८७ मध्ये रचला. वायफायपासून वेबसाइटपर्यंत सगळीकडे तो वर्षानुवर्षं वापरात होता. रचना इतकी सोपी की फळ्याच्या एका कोपऱ्यात मावते. ० ते २५५ असे क्रमांक दिलेली २५६ घरं. त्यात ० ते २५५ हेच आकडे, पण किल्लीनं पिसून ठेवलेले. दोन दर्शक, आय आणि जे, दोन्ही शून्यावर. प्रत्येक पायरीला आय एकानं पुढे सरकतो. आयच्या घरात जो आकडा असेल तो जेमध्ये मिळवायचा. आय आणि जे या घरांतले आकडे एकमेकांच्या जागी ठेवायचे. मग त्या दोन आकड्यांची बेरीज करून, त्या क्रमांकाच्या घरातला आकडा बाहेर द्यायचा. सगळ्या बेरजा २५६ च्या मापानं, म्हणजे २५५ च्या पुढे पुन्हा शून्य.

समज, दुसऱ्या क्रमांकाच्या घरात ० आहे आणि पहिल्या घरात ५. पहिली पायरी: आय झाला १, जे झाला ५. अदलाबदल केली, म्हणजे पाचव्या घरात ५ आला. बाहेर काय पडलं ते सोडून दे. दुसरी पायरी: आय झाला २. दुसऱ्या घरात ० आहे, म्हणून जे पाचवरच राहिला. अदलाबदल: दुसऱ्या घरात ५, पाचव्या घरात ०. बेरीज ५ + ० = ५. पाचव्या घरात काय आहे? शून्य. म्हणून दुसरा आकडा बाहेर पडला तो ०.

५ च्या जागी २ सोडून कुठलाही आकडा घेऊन बघ, हेच होतं. म्हणजे दुसऱ्या घरात शून्य असलं, आणि पहिल्या घरात २ नसला, की बाहेर पडणारा दुसरा आकडा शून्यच. ही परिस्थिती येण्याची शक्यता सुमारे २५६ मध्ये १. बाकीच्या वेळी योगायोगानं शून्य येण्याची शक्यता साधारण तेवढीच. दोन्ही मिळून सुमारे १२८ मध्ये १, हवं त्याच्या दुप्पट. मँटिन आणि शमीर यांनी हे २००१ मध्ये दाखवलं. परिणाम बघ. बाहेर पडणारा प्रत्येक आकडा संदेशाच्या त्या-त्या बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ पैकी एका आकड्यात, मिसळला जातो, आणि शून्य मिसळलं तर बाइट बदलतच नाही. म्हणून एकच संदेश वेगवेगळ्या किल्ल्यांनी काही शे लोकांना पाठवला, तर प्रत्येकाच्या कूटमजकुराचा दुसरा बाइट जमा करायचा आणि सर्वात जास्त वेळा आलेला घ्यायचा. बहुधा तोच मूळ संदेशाचा दुसरा बाइट. किल्लीला हातसुद्धा लावावा लागत नाही.

हा सगळा युक्तिवाद एमएस्सीच्या मुलीला अर्ध्या तासात कळतो. तरी सायफर रचल्यापासून चौदा वर्षांनी तो सापडला, आणि दरम्यान हुशार माणसांनी तो लाखो वेळा चालवला होता. नंतर अशा डझनावारी झुकत्या गणत्या निघाल्या, त्यांत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या मंडळींचं मोठं काम आहे. २०१५ मध्ये टीएलएसमधून, म्हणजे सुरक्षित वेबजोडणीतून, आरसी-फोरवर बंदी आली.

आमच्या कामाचा बराच भाग असाच असतो. कॉम्प्युटर कोट्यवधी वेळा चालवून एखादी गणती झुकलेली दाखवतो. ती का झुकली हे सिद्ध करणं गणितज्ञाकडे येतं. सिद्धतेशिवाय तो आकडा एक निरीक्षण म्हणून पडून राहतो. सिद्धता मिळाली की अशीच आणखी कुठे झुकेल हे आधीच सांगता येतं. नव्या विद्यार्थ्यांना मी कायम म्हणते, २५६ घरांचं यंत्र बाजूला ठेव, आठ घरांचं कर आणि सगळ्या ४०,३२० मांडण्या मोजून बघ. लहान यंत्रात कारण उघडं दिसतं.

कधी कधी कारण फार लांबून येतं. क्वांटम संगणकालाही फुटणार नाहीत अशा पद्धतींची अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं स्पर्धा लावली होती. त्यात साइक नावाची एक पद्धत पुढपर्यंत टिकून होती. २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू या दोघांनी ती साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात फोडली. हत्यार कुठलं, तर कानी या गणितज्ञाचा १९९७ चा एक प्रमेय. तो लिहिताना कूटशास्त्राचा संबंधही नव्हता. म्हणून 'मला शुद्ध गणित आवडतं, मग मी इथे काय करू' असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. इथे शुद्ध गणिताचीच टंचाई आहे.

आता आपल्या मातीतला माणूस. शरदचंद्र श्रीखंडे हे नाव प्रत्येक मराठी गणित विद्यार्थ्याला पाठ असायला हवं, आणि एमएस्सीच्या वर्गात विचारलं तर दोन हातसुद्धा वर येत नाहीत. ऑयलरनं १७८२ मध्ये छत्तीस अधिकाऱ्यांचा प्रश्न मांडला: सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक जोडीचा एकेक अधिकारी. त्यांना ६ × ६ चौकटीत असं उभं करा की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. ऑयलरला वाटलं हे जमत नाही, आणि ६, १०, १४, १८ अशा सगळ्या आकारांना जमणार नाही. ६ साठी त्याचं बरोबर होतं, गॅस्टन टॅरीनं १९०१ मध्ये ते तपासून सिद्ध केलं. पण १९५९ मध्ये राज चंद्र बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं की ६ च्या पुढे प्रत्येक ठिकाणी जमतं. पावणेदोनशे वर्षांचं अनुमान कोसळलं आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी आली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० मध्ये, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी ते गेले.

याचा कूटशास्त्राशी संबंध सरळ आहे. क्लॉड शॅननच्या १९४९ च्या निबंधात परिपूर्ण गुप्तता म्हणजे काय ते मांडलंय. संदेश, किल्ल्या आणि कूटमजकूर यांची संख्या सारखी असली तर परिपूर्ण गुप्ततेचा तक्ता हा लॅटिन चौरसच असतो: प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच. छत्तीस अधिकाऱ्यांच्या प्रश्नात पलटणींचा एक आणि हुद्द्यांचा एक असे दोन लॅटिन चौरस एकावर एक ठेवायचे असतात. प्रत्येक जोडी एकदाच आली की त्यांना एकमेकांशी लंब म्हणतात. संदेशात कुणी मध्येच फेरफार केला तर तो पकडण्याच्या काही पद्धतीही अशाच लंब चौरसांवर उभ्या आहेत.

माझं स्वतःचं मन ज्यात सगळ्यात जास्त रमलं ते मात्र बेंट फलनांत. ते थोडं सविस्तर सांगते, कारण दोन्ही विषय एकाच बिंदूवर कसे भेटतात हे इथे बोट ठेवून दाखवता येतं. चार चल घे, प्रत्येक ० किंवा १. म्हणजे एकूण १६ निविष्टी. फलन घे: पहिल्या दोघांचा गुणाकार अधिक शेवटच्या दोघांचा गुणाकार, बेरीज दोनच्या मापानं. हे फलन कुठे १ होतं? फक्त सहा ठिकाणी: ११००, ११०१, १११०, ००११, ०१११, १०११. आता या सहांतून कुठल्याही दोघांची घरागणिक बेरीज कर, १ आणि १ मिळून ०. सहांतून दोघे निवडण्याच्या १५ जोड्या. ०००० सोडून चार अंकी माळा किती? त्याही १५. पहिल्या दोघांची बेरीज ०००१ येते. पहिल्या आणि चौथ्याची ११११. दुसऱ्या आणि चौथ्याची १११०. पंधराही करून बघ. प्रत्येक माळ बरोबर एकदा येते. एकही परत येत नाही, एकही सुटत नाही.

कॉम्बिनेटोरिक्सवाले याला डिफरन्स सेट म्हणतात आणि स्वतःच्या कारणांसाठी असे संच शोधत असतात. सायफर रचणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की निविष्टीत कुठलाही बदल कर, एक अंक बदल, दोन बदल, चारही बदल, सोळांपैकी बरोबर आठ ठिकाणी उत्तर बदलतं आणि आठ ठिकाणी तेच राहतं. बिहॅम आणि शमीर यांनी १९९० च्या सुमारास जो डिफरन्शियल हल्ला जगापुढे आणला तो नेमका हाच फरक झुकलेला कुठे आहे ते शोधतो. इथे त्याला झुकाव सापडतच नाही. सरळ रेषेसारख्या, म्हणजे ॲफाइन, फलनांपासून हे फलन जितकं दूर असू शकतं तितकं दूर आहे: किमान ६ ठिकाणी वेगळं. चार चलांची एकूण ६५,५३६ फलनं आहेत, त्यांतली फक्त ८९६ अशी आहेत. ऑस्कर रॉथॉसनं त्यांना बेंट हे नाव दिलं, त्याचा निबंध १९७६ मध्ये छापून आला.

आणखी एक गंमत. सोळा माळा म्हणजे सोळा शिरोबिंदू धर, आणि ज्यांची बेरीज त्या सहांपैकी एक येते त्यांना जोड. प्रत्येकाला सहा शेजारी आणि कुठल्याही दोघांचे बरोबर दोन समाईक शेजारी असा आलेख तयार होतो. श्रीखंडे यांच्या नावाचा जो आलेख ग्राफ थिअरीच्या पुस्तकांत असतो, त्याची मोजमापं हीच: सोळा, सहा, दोन. आलेख मात्र वेगळा. सगळी मोजमापं सारखी असूनही दोन आलेख एकरूप नाहीत हे पहिल्यांदा स्वतः तपासलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

बेंट फलनाला एक खोट आहे. सहा एक आणि दहा शून्यं, म्हणजे ते समतोल नाही, आणि सायफरमधून बाहेर पडणारी मालिका शून्याकडे झुकली तर तोच हल्ल्याचा दरवाजा. म्हणून समतोलही हवा आणि ॲफाइन फलनांपासून दूरही हवं, अशी ओढाताण सुरू होते, आणि संशोधनाची खरी मजा तिथे आहे. आठ चलांची बेंट फलनं १२० अंतरावर असतात. समतोल फलनं ११६ पर्यंत मिळालेली आहेत. ११८ मिळेल का, हा प्रश्न दशकानुदशकं लोक सोडवत आले आहेत. प्रश्न एका ओळीत मांडता येतो, बारावीच्या मुलालाही कळतो. नऊ चलांसाठी २४० हीच मर्यादा असेल असं बरीच वर्षं वाटत होतं. २००६ मध्ये २४१ सापडलं. ते शोधणाऱ्या तुर्की आणि भारतीय मंडळींनी सगळी फलनं तपासली नाहीत, तसं करणं विश्वाच्या आयुष्यातही शक्य नाही. त्यांनी सममिती लादून शोधाची जागा लहान केली आणि तिथे शोधलं. कुठली सममिती लादायची हे ठरवायला गटसिद्धांत लागतो.

या कारकिर्दीचा रोजचा चेहरा मात्र शांत आहे. वर्षातले बरेच महिने एखादी कल्पना चालत नाही हे सिद्ध करण्यात जातात. पुष्कळ सायफर एकच क्रिया मजकुरावर पुन्हा पुन्हा करतात, त्या प्रत्येक वेळेला फेरी म्हणतात. कुठल्याही सायफरवर पूर्ण विजय मिळवणं दुर्मिळ, बहुतेक निबंध कमी केलेल्या फेऱ्यांवरच्या हल्ल्याचे असतात. दहा फेऱ्यांच्या सायफरच्या सात फेऱ्या फोडल्या तर बाहेरच्याला ते अपयश वाटेल. आमच्यासाठी ती उरलेल्या तीन फेऱ्यांवर विसंबता येईल का याची मोजदाद असते. ज्याला रोज टाळी हवी त्यानं इकडे येऊ नये. वापरात असलेल्या वस्तूत दोष सापडला तर आधी बनवणाऱ्याला कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, मग छापायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाड. आणि संरक्षण खात्याकडे गेलीस तर काम छापता येणार नाही हे आधीच मनाशी ठरव. टटसारख्यालाही ते सोसावं लागलं. मला छापणं, वाद घालणं, शिकवणं हवं होतं, म्हणून मी विद्यापीठीय वाट धरली. दोन्ही वाटा मानाच्या आहेत.

आता घरच्यांचा मुद्दा. बीएडला माझा विरोध नाही, चांगल्या शिक्षकांची या जिल्ह्याला गरज आहे. पण 'संशोधन म्हणजे तिशीपर्यंत घरच्यांच्या जिवावर' ही समजूत जुनी झाली. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडे भत्ता. हा आकडा आई-वडिलांना सांग, बोलणं सोपं होतं. गणितातून गेट दिलीस तर डीआरडीओच्या शास्त्रज्ञ पदांच्या जाहिरातींकडेही लक्ष ठेव. दिल्लीतला त्यांचा सायंटिफिक अॅनालिसिस ग्रुप हेच काम करतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत क्रिप्टॉलॉजी आणि सिक्युरिटीचा खास एमटेक आहे, वर आलेल्या राज चंद्र बोस यांच्या नावाचं केंद्रही तिथेच. चेन्नईचं गणितीय विज्ञान संस्थान आणि सेट्स ही सायबर सुरक्षेची संशोधन संस्था, पुण्याची आयसर, मुंबईची आयआयटी ही आणखी ठिकाणं. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण हे जास्त बघ. त्याचे गेल्या काही वर्षांतले निबंध वाच, त्याच्या विद्यार्थ्यांना विचार, मग अर्ज कर.

अभ्यास काय करायचा? सांत क्षेत्रांवरचं लिनिअर अल्जिब्रा इतकं पक्कं कर की विचार न करता हात चालेल. क्रमपर्यायांचे गट. संभाव्यता, आणि तीही सूत्रं पाठ करून नाही तर हातानं मोजून. आपल्याकडे एमएस्सीत विश्लेषणाला जितका वेळ मिळतो त्याच्या पावपटही सांत गणिताला मिळत नाही, ती कसर तुलाच भरून काढावी लागेल. प्रोग्रॅमिंग टाळू नकोस. पायथन आणि सेजमॅथ यांवर सुरुवात कर, ती दोन्ही फुकट आहेत, मग वेग लागेल तेव्हा सी शिक. हजार ओळींचं सॉफ्टवेअर लिहिता आलं नाही तरी चालेल, पण स्वतःचं अनुमान रात्रीत तपासून बघता आलं पाहिजे. शोधनिबंध विकत घ्यावे लागत नाहीत. आयएसीआर या कूटशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ईप्रिंट संग्रह सगळ्यांना खुला आहे, जगातला जवळपास प्रत्येक नवा हल्ला आधी तिथे येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एमटीटीएस या गणित प्रशिक्षण शिबिराला नक्की अर्ज कर. डिसेंबरात भरणाऱ्या इंडोक्रिप्ट या कूटशास्त्राच्या परिषदेला निबंध नसला तरी जाऊन बस.

सोलापुरात राहून हे होईल का? पहिली दोन वर्षं नक्की होईल. केगावच्या विद्यापीठात आणि गावातल्या जुन्या महाविद्यालयांत गणिताची ग्रंथालयं बरी आहेत, वापरणारे कमी. पुण्याला एखादं व्याख्यान असलं तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धर. तीन-चार जणींचा गट कर आणि आठवड्यातून एकदा एकीनं फळ्यावर एक निबंध उलगडून सांगायचा असा नेम ठेव. एकटीनं वाचताना जे कळलं असं वाटतं, ते फळ्यावर उभं राहिलं की कळलेलं नसतं, आणि ते इथेच कळलेलं बरं. पीएचडीला मात्र बाहेर जा. या विषयात आजूबाजूला रोज बोलायला माणसं लागतात आणि तेवढी इथे अजून नाहीत.

येत्या सुट्टीत दोन गोष्टी कर. आठ घरांचं आरसी-फोर लिहून, सगळ्या ४०,३२० मांडण्यांसाठी दुसरा आकडा किती वेळा शून्य येतो ते मोज, आणि आलेली संख्या सूत्रानं काढून जुळव. पहिल्या घरात २ असेल तेव्हा काय होतं ते वेगळं लिही. दुसरं, तीन चलांची २५६ फलनं घेऊन ॲफाइन फलनांपासूनचं सर्वात मोठं अंतर काढ. ते २ येईल. ३ का येत नाही याची सिद्धता, कॉम्प्युटर न वापरता, एका पानात लिही आणि मला आणून दाखव. सुट्टीभर मी गावातच आहे.